मामांच्या पंगतीतला उपाशी पाहुणा

आमच्या आत्याच्या यजमानांइतकं, म्हणजे मामांइतकं, साहित्य मनाला लावून घेणारा माणूस सबंध दौंड तालुक्यात झाला नसेल. पाटसजवळ त्यांची वस्ती. हाताला लागेल ते वाचायचे. भेळेच्या कागदावरची गोष्ट अर्धवट निघाली, तर पुढच्या तुकड्याच्या आशेने दुसरी भेळ घ्यायचे. एकदा शिरूरच्या एसटीत रहस्यकथा वाचताना नायकाच्या पाठीमागे खुनी येऊन उभा राहिला, तेव्हा मामा "आरं, मागं बघ!" म्हणून असे ओरडले, की ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि अख्खी गाडी मागे बघायला लागली.

अशा माणसाच्या हाती मी कॉलेजातून आणलेली एक कादंबरी पडली. ज्यात काहीच घडत नाही ते पुस्तक थोर, असं आम्ही बेलबॉटमवाली पोरं तेव्हा मानत असू. यातला नायक खोलीत बसून विचार करतो, बस्स. मामांनी ती जेवताना उघडली आणि थोड्या वेळाने हात आखडला. "ह्यो जेवला कवा?"

"मामा, तो जगण्याचा अर्थ शोधतोय."

"शोधू दे की. पर समोरचं माणूस उपाशी आन् आपण घास मोडायचा, ही कुठली रीत?"

आणि खरोखरच मामांनी जेवण सोडलं. चहावर राहून अधाशासारखी पानं उलटू लागले, पण नायक काही जेवेना. ऐन हंगामात, ऊस भरताना त्यांना भोवळ आली तेव्हा आत्या हबकली. "तू आणलंस हे खूळ. आता तूच यांस्नी जेवाय घाल," ती मला म्हणाली. मी घाईघाईने शेवटचं पान वाचून दाखवलं. तिथेही नायक खिडकीशी बसलेलाच. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्याला अक्षर येत नव्हतं. तिने पुस्तक उचललं, पाटावर भिंतीला टेकून उभं केलं, पुढे पिठलं-भाकरीचं ताट आणि तांब्या ठेवला. "वाढलंय त्याला. आता खायाचं का न्हाई, त्याचं त्यो बघंल. तुम्ही बसा." मामा बसले. "लाजू नगा, पाव्हणं," असा पुस्तकाला आग्रह करत पोटभर जेवले.

पुढे एक-दोन हंगामांनी मामा गेले. त्यानंतर एका दुपारी मी वस्तीवर गेलो, तर आत्या एकटीच जेवत होती. समोर पाटावर तेच पुस्तक, त्याच्यापुढे चतकोर भाकरी.

"एकटीला घास उतरत न्हाई रे," ती ओशाळून म्हणाली. "ह्यो बोलत न्हाई, जेवत न्हाई. पर समोर बसतो तरी."

मी हातपाय धुतले आणि त्या दोघांच्या पंगतीला जाऊन बसलो.