पुतळीची ओळखपरेड

ती चोरी आठवली की आजही माझा हात आधी स्वतःच्या गळ्याकडे जातो. चोरीच्या मुद्देमालाला रिठ्याने आंघोळ घालणारी बाई अख्ख्या पोलीस खात्यात मी एकटीच असेन.

लढाईची वर्षं. आमचे हे संगमनेरच्या ठाण्यावर जमादार. बाईची झडती बाईनेच घ्यायची असा कायदा, आणि ठाण्यात बाई नाही. म्हणून पोलीस लाइनीतून मला बोलावणं यायचं. पदर खोचून मी अशी निघायची, जणू जिल्ह्याचा कारभार माझ्याच हाती. अक्कल मात्र नाकातल्या चमकीएवढी!

गावातले एक निवृत्त डॉक्टर देशोदेशीची जुनी नाणी जमवत. लढाईवरून रजेवर आलेल्या शिपायांकडून, सराफांकडून विकत घेत आणि भिंगाखाली पारखून उत्तम, मध्यम, झिजलेलं अशी त्यांची प्रत लावत. त्यांचं व्हेनिसचं सोन्याचं नाणं नाहीसं झालं. संशय त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईवर. त्यातच एका सराफाने खबर दिली की, तसलंच नाणं तिच्या गळ्यात आहे.

मी झडती घेतली. काळ्या दोऱ्यात एक पुतळी निघाली. आपण जिला पुतळी म्हणतो ते मुळात व्हेनिसचंच नाणं, हे मला कुठे ठाऊक! माझ्याही गळ्यात माहेरची पुतळी होती. पण माझी तो दागिना आणि तिची ती चोरी.

“माज्या आईची हाय ती,” बाई म्हणाली. “पोरीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायची हाय. दुसरं काय न्हाई वो माज्याकडं.”

“असं सगळेच म्हणतात,” मी नाक उडवलं.

साहेबांपुढे मळकी वस्तू कशी न्यायची, म्हणून पुतळी रिठ्याच्या पाण्यात घासून लखलखीत केली. फौजदारांनी कपाळाला हात लावला. “वहिनी, दोरा ओवायची ही कडी जुनी की परवा सोनाराकडून डाग देऊन जोडलेली, हे तिच्यातल्या मळावरून कळलं असतं. पुरावा मोरीत ओतलात तुम्ही!”

बाई कोठडीत गेली. फौजदारांनी उलटसुलट विचारलं, दरडावून पाहिलं. उत्तर एकच, “आईची हाय.” दुसऱ्या दिवशी तिला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. उरली फक्त मालाची ओळखपरेड. त्यासाठी, तिच्या पुतळीत मिसळायला, लाइनीतल्या बायकांच्या पुतळ्या गोळा झाल्या. माझीही गेली.

पंचांसमोर टेबलावर पुतळ्यांची रांग मांडली. कोपऱ्यात शिपायाशेजारी ती बाई, टेबलाशी फौजदार आणि हे, दाराशी मी. डॉक्टर एकेक पुतळी कडेने उचलून भिंगाखाली धरू लागले.

“ही झिजलेली.” बाजूला सारली. ती त्या बाईची होती!

“ही मध्यम.”

पुढच्या पुतळीवर भिंग थांबलं. “हेच माझं नाणं! चोराने कडी लावलीय. कडी बघा, नवीकोरी आहे.”

ती माझी पुतळी. ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला; नोकरीच जायची पाळी. पंच माझ्याकडे बघू लागले.

“अहो, माझ्या वडिलांनी लग्नात घातलीय ती, कडी तेवढी नवी बसवून घेतली!” मी ओरडले.

“असं सगळेच म्हणतात,” डॉक्टर शांतपणे म्हणाले.

कोपऱ्यातल्या बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला तिच्याकडे बघवेना.

फौजदार पुढे झाले. “डॉक्टरसाहेब, तुम्ही आपलं नाणं ओळखताय, की विकत घ्यायला माल निवडताय? सगळ्यांत चांगलं दिसलं, ते तुमचं झालं!”

डॉक्टर गडबडले. फौजदार तसेच पंचांना घेऊन त्यांच्या घरी गेले, नाण्यांचं कपाट उघडायला लावलं. खणातल्या मखमलीचा एक कोपरा सुटला होता. मखमल उचलली, तर खाली नाणं. घसरून आत गेलेलं. फिर्याद देण्याआधी डॉक्टरांनी तिथे बोट घातलं नव्हतं. संशय कुणावर घ्यायचा हे मात्र आधीच ठरलं होतं. माझंही तसंच.

पुढे पुष्कळ झडत्या घेतल्या. दुसऱ्याच्या गळ्याला हात घालण्याआधी आपला चाचपून बघायची सवय लागली. चोर सापडायला त्याने उशीर होतो, पण नुसता उशीरच होतो.

नाणं सापडलं त्या संध्याकाळी बाईची पुतळी मी स्वतः नव्या काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधली. “चुकले गं,” म्हणाले. तिने पुतळी बोटांनी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “लई झ्याक घासली वो, जमादारीणबाई. माज्या आईच्या अंगाचा मळ हुता तिच्यावर, तेवढा गेला.”