जाळीतला झेंडू

हंबीरराव रागीट नव्हता, मारकुटा होता. दोन्हींत फरक आहे. रागीट माणूस आधी बोलतो तरी. कानडी मुलखात, चिकपेटमागच्या गल्लीत त्याचं मोटारदुरुस्तीचं शेड होतं. तिथून फिटर पळून जायचे, कुणी दात शाबूत असताना, कुणी पडल्यावर. टिकला तो एकटा धाकटा भाऊ, रघुजी. तोही गेला तर शेडला कुलूप, हे हंबीररावाला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असून हात आवरला, तर तो हंबीरराव कसला!

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याला लाकडाचा ठेकेदार अप्पासाहेब याची गाडी शेडमध्ये होती. कुठल्याशा संस्थानिकाची जुनी शर्यतीची गाडी. इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा ब्लोअर तिला बसवलेला. हवेचा दाब दाखवणारा काटा आठवर जायला हवा. रघुजीने नव्या रबरी नळ्या घातल्या, खंडेनवमीची पूजा झाली, आणि दसऱ्याच्या सकाळी अप्पासाहेब फेरी मारायला निघाला, तर काटा तीनवर अडून बसला. चढावर गाडी अशी धापा टाकू लागली की टांगेवाले हसले.

परत येऊन अप्पासाहेबाने भर गल्लीत हंबीररावाच्या थोबाडीत ठेवून दिली.

"रविवारी येलहंक्याला शर्यत आहे. काटा चढला नाही तर हे शेड पेटवतो. तुला आत ठेवून."

गिऱ्हाइकाला उलट मारता येत नाही. हंबीरराव वळला. समोर रघुजी.

"नळी गळतेय. क्लिपा कुणी आवळल्या?"

"मीच, अण्णा. घट्ट आहेत. स्वल्प थांब, आधी तपासून..."

पाना रघुजीच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या कापडवाल्यालाही ऐकू गेला.

हंबीररावाची बायको गोजराबाई धावत आली. दिराला दवाखान्यात नेता नेता नवऱ्याला म्हणाली, "सगळे फिटर झाले. आता मीच उरले. पाना हाताशीच ठेवा."

हंबीरराव कामाला लागला. नळ्यांची टोकं बंद केली, सायकलच्या पंपाने हवा भरली, प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी फासलं. गळती असेल तिथे फेस यायला हवा. एक बुडबुडा नाही. त्याने पुन्हा फासलं. आता त्याला गळती हवीच होती. मिळाली नाही. ब्लोअर फिरवणारा पट्टाही ताठ. उरलं हवा आत घेणारं तोंड. टोपण काढलं, तर आतल्या जाळीवर झेंडूचा पिवळा लगदा थापलेला.

तो त्यानेच ठेवला होता. खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू लावून माळ घालतात, एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. याला यंत्राच्या पोटात प्रसाद जायला हवा होता! टोपण उघडून मूठभर झेंडू जाळीवर ठेवला आणि वर टोपण घातलं. इंजिनाने श्वास घेतला आणि स्वतःचंच नाक बुजवून घेतलं.

संध्याकाळी रघुजी हात प्लास्टरात घालून आला. हंबीररावाने लगदा दाखवला. माफी मागणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्याने उजवं मनगट, लोखंड आवळून धरणाऱ्या वाइसच्या जबड्यात ठेवलं.

"फिरव."

"अहो!" गोजराबाई किंचाळली.

एक आटा फिरवून भाऊ थांबेल, अशी हंबीररावाची समजूत. रघुजी थांबला नाही. डाव्या हाताने कट् होईपर्यंत फिरवत राहिला.

"सरी, फिटलं," तो म्हणाला. "आता जाळी धुऊ. नाहीतर तो शेड पेटवेल."

दोघांकडे मिळून दोन डावे हात. टोपणाचा एक नट बसवताना दोघांनी एकमेकांच्या बापाचा उद्धार केला. बाप एकच होता, हे ध्यानात नव्हतं. इंजिन गर्जलं. काटा आठवर गेला.

रघुजीने हत्यारांची पेटी उचलली.

"रघू, उद्या लवकर ये."

"उद्या तू ये, अण्णा. शेड तुझं आहे."

तो परत आला नाही. दिवाळीच्या आत शेडला कुलूप लागलं. हंबीररावाचं मनगट वाकडंच जुळलं. तो सुधारला असं गल्ली म्हणायची. सुधारतो कसला! हात उगारला की कळ यायची, एवढंच.