दोन नंबर संचाची जाळी

हे मी आजवर कुणाशीही बोललेलो नाही. बायकोशीसुद्धा नाही — आणि माझी बहुतेक लबाडी तिला न सांगताच कळते. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

खरं तर मला घरतताईंबद्दलच लिहायचं आहे. माझं नंतर. टाळतोय का मी? टाळतोय. पण ताई कशा होत्या हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वैजयंती घरत, उरणकडच्या. घरची मिठागरं बंदराच्या कामात गेली, भाऊ जमिनीच्या धंद्यात पडले आणि या डिप्लोमा करून आमच्या जलविद्युत केंद्रात आल्या. केंद्र लहानसं, घाटाच्या पायथ्याशी. त्या कामोठ्याला राहायच्या, मी नवीन पनवेलला, जाणंयेणं कंपनीच्या एकाच गाडीने. संच, म्हणजे पाण्यावर फिरून वीज बनवणारं मशीन, सुरू करणं, थांबवणं त्यांच्याकडे. मी आधी फिटर होतो, गुडघा गेल्यावर रिपोर्टिंगच्या टेबलावर बसलो.

ताई संच लावायला निघाल्या की मी मुद्दाम बघायला जायचो. ओढणी कमरेला खोचायची, मग पाइपांवरचा एकेक वॉल उघडायचा, दाबाचा एकेक काटा बघायचा. घाई नाही. मागे साहेब उभा असला तरी नाही. इतकं स्वच्छ काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही — आणि वर जीभही तशीच. मला म्हणायच्या, "सुहास, तुझ्या कागदावर मशिनं कदी आजारी पडत नाय काय रं?"

त्यात खोच होती. रोज सकाळी प्रत्येक संचाची स्थिती मी वर कळवायचो. उपलब्ध की बंद, आणि बंद असला तर कशामुळे. आता, उपलब्ध म्हणजे चालू नव्हे. बोलावलं तर चालेल असा. उन्हाळ्यात धरणात पाणी कमी, मग दोन नंबरचा संच आठवडेच्या आठवडे नुसता उभा राही, तरी उपलब्धच. उभ्या मशीनला कोण विचारतंय? आमचा उपलब्धतेचा आकडा तेव्हा फार छान दिसायचा. साहेब मीटिंगमध्ये माझं नाव घ्यायचे. चटक लागली होती मला त्याची, दुसरं काय.

संचाचं बेअरिंग थंड ठेवायला पाणी फिरवतात, ते एका जाळीतून गाळून येतं. एका सकाळी चाचणीचे दाबाचे आकडे माझ्यासमोर आले आणि मी जुना फिटर — बघताक्षणी कळलं की जाळी तुंबत आली आहे. करायचं काय होतं? संच अर्धा दिवस बंद दाखवायचा, जाळी धुवायची, विषय संपला. पण त्या महिन्यात एकदाही बंद लिहिलेलं नव्हतं. सोमवारी बघू म्हटलं. दोन नंबरला सोमवारपर्यंत कोण बोलावतंय? आणि मी लिहिलं, उपलब्ध.

त्याच संध्याकाळी विजेची मागणी वाढली आणि दोन नंबरला बोलावणं आलं.

ताई ड्यूटीवर होत्या. माझ्या रिपोर्टावर विसंबून त्यांनी संच लावला. पाण्याचा काटा आधी बरा होता, मग पडत गेला. बेअरिंग तापायला लागलं. जुना संच, आपोआप थांबायची सोय नव्हती. वरून फोनवर सांगणं की थांबवू नका, वीज हवी आहे. ताईंनी थांबवला — एकटीने, स्वतःच्या जबाबदारीवर. आणखी थोडा चालला असता तर बेअरिंग वितळलं असतं, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसांचं काय झालं असतं कोण जाणे. माझ्यात ती हिंमत नव्हती, आजही नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. खरंच वाटला — आणि तरीही पुढचं मी केलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब यायच्या आत मी खाली गेलो. झाकण खोललं, पाचोळा आणि गाळ काढला, जाळी धुऊन बसवली. साहेब आले, थंड पाण्याच्या पाइपावरचा वॉल उघडायला लावला, पाणी धो धो. मग काल बेअरिंग का तापलं? काटा आधी बरा होता असं ताई सांगत होत्या, पण तो बघणारं दुसरं कुणी नव्हतं. संच थांबवल्यावर वॉल बंदच करतात, त्यामुळे त्याचाही पुरावा नाही. सगळ्यांना एकच सुचलं, की ताई काल वॉल उघडायला विसरल्या.

रिपोर्टात कारण भरावं लागतं. उपकरणातला बिघाड असं लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — कधीपासून? मी लिहिलं, चालकाची चूक.

ताई गप्प बसल्या नाहीत. "वॉल मी उघडलाय. माझ्या हातानी उघडलाय, मना ठावं हाय." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद सारखे केले.

त्या वर्षी ताई शिफ्टच्या प्रमुख होणार होत्या, आमच्याकडच्या पहिल्या बाई. झाल्या नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस झाला. ताईंनी त्याला पेढा भरवला आणि त्याच्या हाताखाली जीव लावून काम केलं. कुठून आणतात माणसं एवढं मोठं मन?

पण हेही सगळं नाही. पुढे एकदा गाडीतून घरी येताना त्या हळूच म्हणाल्या, "सुहास, मना आता वाटतं, नसल उघडला मी. आईचं ऑपरेशन व्हतं तवा. डोकं ठिकाण्यावर नवतं." माझा स्टॉप यायला वेळ होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, ताई."

तेव्हापासून त्या प्रत्येक वॉलला दोनदा हात लावायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, उघडला. नवी पोरं तेच शिकली. बाहेरून बघायला येणाऱ्यांना साहेब ते कौतुकाने दाखवायचे. मीही दाखवलं आहे.

परवा त्या निवृत्त झाल्या. पनवेलला एका हॉलमध्ये कार्यक्रम झाला, शाल झाली, नारळ झाला. बोलायला उभ्या राहिल्या त्या नव्या मुलामुलींसाठी. म्हणाल्या, माझ्याकडून एकदा वॉल उघडायचा राहिला होता, ते लपवू नका, त्यातून शिका. टाळ्या थांबेनात. मीही वाजवत होतो.

खाली येऊन त्यांनी माझा हात धरला. "तू मैतर असून खरं लिवलंस रिपोर्टात. तवा लय राग आलेला तुझा. पन त्याच्यामुलं मी सुधारली."

जाळी मी धुतली होती. वॉल त्यांनी उघडला होता. हात त्यांच्या हातात होता, ऐकू जाईल इतक्या जवळ कुणी नव्हतं, आणि मी म्हणालो, "माझं कामच होतं ते, ताई."

मला हे सांगायचं होतं.