पानावर बसलेला माणूस

जाम गावच्या मामींच्या खानावळीत आपलं पोट भरलं की नाही, हे मामी ठरवायच्या. पानावर हात आडवा धरला, तर त्या हाताच्या बाजूनं बरोबर भात वाढत. "परमुलखातला मानूस लाजते," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा सडकेच्या कामावर ओव्हरशियर होतो. कोल्हापूरकडचा, त्यामुळे तिखटाचं आपल्याला काय कौतुक, अशा तोऱ्यात होतो. मामींच्या रश्श्यानं तो पहिल्याच दिवशी उतरवला. नव्या माणसाचा ताबा त्या नुसत्या जेवणापुरता घेत नसत. हिंगणघाटच्या बाजारात धोतरजोडी कुणाकडे घ्यायची, भाव करताना किती वेळ रुसून बसायचं, दंडारीचा खेळ बघायला जाताना बसायला पोतं न्यायचं, सगळं त्याच सांगत. "अन् कोनी च्या इचारला त नाई म्हनू नोका. त्याईच्या मनाले लागते." मी चहाला नाही म्हणणं सोडलं, आणि झोप गमावली.

एका दुपारी त्यांच्या शांतेला पाहायला पाहुणे यायचे होते. मामी विधवा, पोर एकुलती. आठवडाभर त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाहुणे नेमके आधीच्या मोटारीनं येऊन दारात उभे राहिले. बसायची खोली एकच, आणि तिथं मी व जंगलतोडीवरचे दोन गोंड मजूर जेवत होतो.

मुलाच्या वडिलांनी उंबऱ्यातूनच सांगितलं, "याइले उठवा, मंग आमी बसतो."

मी उठू लागलो. मामींनी खांदा दाबून मला खाली बसवलं.

"घडीभर ओसरीत बसा, दादा," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "जेवत्या मानसाले आमी उठवत नाई."

"मंग आमीच जातो!"

आणि खरंच गेले. मजुरांतला म्हातारा खाली मान घालून बसून राहिला. नव्या लुगड्यातली शांता आतून आली आणि त्याच्या पानात वरण वाढत म्हणाली, "जेवा बाबा, थंडं होते."

माझी बदली झाली तेव्हाही तिचं लग्न ठरलं नव्हतं. मामी मोटारीपर्यंत पोचवायला आल्या. फडक्यात बांधलेली भाकर त्यांनी माझ्या हाती दिली. माझा जीव त्यांच्यात गुंतला होता, न राहवून मी विचारलं, "मामी, त्या दिवसाचं वाईट वाटतं का हो?"

"वाटते नं भाऊ. रोज वाटते. पोरीची माय हाओ मी." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "पन त्या बुढ्याच्या हातात घास होता."