वैशालीच्या वर्गातलं सामान

मिलिंद कधी फोन करत नाही, मेसेज करतो. त्यामुळे भर दुपारी स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. "मंजिरी, वैशाली गेली..." एवढंच तो म्हणाला. शाळेतच, मुलं जेवायला गेलेली असताना, हार्ट अटॅकने. त्याला आता दीड महिना होत आला, तरी आयसेलिनच्या भारतीय बाजारात भाजी घेताना मागून कोणी नागपुरी हेल काढला की मी वळून बघते.

वैशाली माझी इथली सर्वांत जुनी मैत्रीण. नवऱ्याच्या, म्हणजे मिलिंदच्या, व्हिसावर इकडे आली, कामाची परवानगी मिळताच शिक्षिकेची परीक्षा दिली आणि शेजारच्या गावातल्या सरकारी शाळेत तिसरीला शिकवू लागली. इथे शाळेचा बराचसा खर्च गावातल्या घरांवरच्या करातून निघतो. घरं महाग, तर शाळा श्रीमंत. आमच्या गावात शाळा उघडण्याआधीच पालक टिश्यू आणि मार्करच्या पिशव्या पोचवतात. तिच्या वर्गात दिवाळीच्या सुमारास पेन्सिली संपायच्या, आणि मग ती स्वतःच्या पगारातून आणायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर तिने उच्छाद मांडला होता. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटू नका, पेन्सिली लुटा, असं ती घरोघर सांगायची, आणि निघताना दारातच उभी राहून सगळ्यांपुढे पिशवी धरायची. "तुम्हाले काय करायच्या आहेत त्या? माझ्या पोरांना द्या." बायका पाठीमागे कुजबुजायच्या. सरकारी शाळा आहे, सरकार पैसे देतं, मग ही नेमकं काय करते त्या पेन्सिलींचं? मी ऑडिटमध्ये काम करते, संशय हाच माझा धंदा. मलाही काहीतरी खटकायचं. फक्त वैशालीबद्दल नाही, शाळेबद्दलही.

एकदा शाळेने तिला सगळ्यांसमोर उभं करून औदार्याबद्दल सर्टिफिकेट दिलं. परतताना गाडीत मी अभिनंदन केलं, तर ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "कौतुक करून राहिले ना यार, तेव्हाच सांभाळून राहावं लागते. एकदा टाळ्या वाजवल्या, की तो खर्च ते कधीच परत मंजूर करत नाहीत." तरी दुसऱ्या दिवशी तिने डिंकाच्या कांड्या आणल्याच. मला तिचा राग यायचा, खरंच यायचा.

परवा मिलिंदबरोबर तिची वर्गखोली आवरायला गेले. प्रिन्सिपलबाई दारात भेटल्या, डोळे पुसले, माझा हातही हातात घेतला. वैशालीचं वैयक्तिक सामान घेऊन जा, शाळेचं तेवढं राहू द्या, असं त्या म्हणाल्या. शिवाय कॉरिडॉरमध्ये तिच्या नावाचं कपाट ठेवायचं त्यांच्या मनात होतं. शिक्षकांनी, पालकांनी त्यात वस्तू भरायच्या, ज्याला लागेल त्याने घ्यायच्या. मिलिंदला ते आवडलं. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी जरा सैल झाला. मला मात्र गोड बोलण्यामागचा हिशोब दिसू लागला आणि मी त्याला वैशालीचं ते गाडीतलं बोलणं सांगितलं.

सामान भरायला आम्ही रिकामी खोकी उघडली. गालिचा तिचा. पंखा तिचा. पुस्तकं, पुस्तकांची मांडणी, कात्र्या, घड्याळ, खिडकीचे पडदे... बदली शिक्षिका म्हणून आलेली तरुण मुलगी, जेना, प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून हळूच सांगत होती, "हर्स", म्हणजे तिचं. शाळेची म्हणावीत अशी फक्त बाकं आणि फळा. सगळं नेलं असतं तर ती पोरं चार भिंतींत बसली असती.

मिलिंदने हातातलं घड्याळ परत भिंतीवर लावलं. प्रिन्सिपलबाई आल्या तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सामान सगळं राहू दे, मुलांचं आहे. पण तिचं नाव कपाटावर लावायचं नाही. कपाट शाळेने भरावं." बाई हसल्या, समजतं म्हणाल्या. मला नाही वाटत समजलं असेल.

निघताना मी एकदा मागे वळले. जेनाने टेबलाखालून एक फुगलेली पिशवी काढली होती, दुकानाची पावती अजून तिला अडकलेली. मला बघताच तिने ती पायाने आत सारली.

"तुझ्या पैशांनी?" मी विचारलं.

"फक्त या आठवड्यापुरतं," ती म्हणाली, आणि वैशालीच्या खुर्चीत बसून नव्या पेन्सिलींना टोकं करू लागली.