आपत्ती निरंक

कॉलेजातून परत येताना बस आमच्या फाट्यावर थांबली, तेव्हा मला जेसीबी दिसला. सडकेच्या कडेला सपाटीवर चार मोठे खड्डे खणून झाले होते. तिथल्या मजुराला विचारलं तर तो म्हणाला, पाण्याची टाकी. त्याची काहीतरी चूक होत असेल, असं मी स्वतःला समजावलं. टाकी तर वर होणार होती, आमच्या वस्तीत, विहारामागच्या उंच जागेवर. तिथे मोजणीवाले चुन्याची रेघ मारून गेले होते आणि माझी आई त्या रेघेवरून शेळीसुद्धा जाऊ देत नव्हती.

आमचं गाव रामाकोन्याच्या अलीकडे, सीमेपलीकडच्या हिंदी राज्यात; घरी आम्ही मराठी बोलतो, सरकारी कारभार मात्र हिंदीत. मोठं गाव खाली सडकेला लागून आहे, आणि आमची चाळीसेक घरं टेकडीवर. पाणी खालच्या हापशीवरून आणावं लागतं. आई संत्र्याच्या बागेत कामाला जाते, त्याआधी चार खेपा करते. मागच्या वर्षी ती डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन घसरली, तेव्हापासून तिचा डावा गुडघा नीट वाकत नाही. नळ येणार म्हणून तिने दारासमोर सिमेंटचा छोटा ओटाही करून घेतला होता. खालच्या टाकीचं पाणी त्या ओट्यापर्यंत कधीच चढणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेले. सचिव सर रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी बसायला खुर्ची दिली. सडकेजवळ विजेची डीपी आहे, सामानाची गाडी थेट पोहोचते, खाली घरंही जास्त आहेत, असं त्यांनी समजावून सांगितलं. यातलं एकही कारण मला खोडता आलं नाही. मग त्यांनी ग्रामसभेचं रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. जागा बदलण्याच्या ठरावाखाली हिंदीत लिहिलं होतं, 'आपत्ति – निरंक'. म्हणजे कोणाचीही हरकत नाही. त्याखाली हजर असलेल्यांच्या सह्या. त्यात बाबांची सही होती. ती मीच त्यांना शिकवली होती. आणि तिच्याखाली माझी.

"आपके पिताजी ने तो खुद खड़े होकर कहा था," सचिव सर म्हणाले.

 ते खरं होतं, आणि मी तेव्हा बाबांच्या मागेच बसले होते.

ग्रामसभेच्या दिवशी सचिव सरांनी बरेच ठराव भराभर वाचले. मग मान वर करून विचारलं, "किसी को कोई आपत्ति?" कोणी बोलेना. बाबांना ते बरं वाटलं नसावं. साहेब इतक्या आपुलकीने विचारतात आणि कोणी उत्तरही देत नाही. ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "नाही साहेब, आमच्यावर काहीच आपत्ती नाही. सर्व बरं चालून राहिलं."

आमच्या घरी आपत्ती म्हणजे संकट. गारपीट झाली, घर जळलं, तर आपत्ती. मागे बसलेली शेजारची काकू हळूच म्हणाली, "तुह्या बापाले सायबासंग बोलाची लयच हौस." बायका हसल्या. मीही हसले.

पण मला हिंदीतला अर्थ माहीत होता. जागा बदलल्याचं वाचलेलंही मी ऐकलं होतं. वाटलं, आमच्या वॉर्डाचे पंच बोलतील. नाहीतर कोणीतरी बोलेलच, टाकी काय माझ्या एकटीची आहे. आणि सगळ्यांसमोर बाबांना चुकीचं ठरवायचं, तेही हिंदीत उभं राहून, हे मला जमेना. रजिस्टर फिरत आलं, मी सही केली. त्याच महिन्यात वर्गात सार्वजनिक वस्तूंचा धडा झाला होता. जे सगळ्यांचं असतं, त्यासाठी जो तो दुसऱ्याच्या भरवशावर बसतो, असं सरांनी शिकवलं होतं. परीक्षेत मी रस्त्यावरच्या दिव्यांचं उदाहरण लिहिलं. चांगले मार्क मिळाले होते.

संध्याकाळी घरी सांगितलं. बाबांना दोनदा सांगावं लागलं. हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत, हे कळल्यावर ते सभेत जोडले होते तसेच हात मांडीवर जोडून बसले. आईने चुलीपुढून विचारलं, "तुले मालूम होतं?"

मी हो म्हणाले.

"मंग काऊन नाही बोलली?"

मला वाटलं कोणीतरी बोलेल, असं मी म्हणाले.  भाकर तव्यावर करपत होती, तिकडे आईचं लक्ष नव्हतं.

बाबा म्हणाले, "कागद आण. लिही, आता हाय आपत्ती."

हरकतीची मुदत संपली, खड्डेही झाले, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "खड्डे झाले. टाकी त नाही झाली."

दोन दिवस मी अर्ज घेऊन घरोघरी फिरले. काकू म्हणाली, तुम्ही करूनच राहिले, मंग आमची सही कायले. बरेच जण असंच म्हणाले. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हते. एकेका दारात बसून राहिले, सही होईपर्यंत. काकूच्या दारात तर तिची डाळ शिजेपर्यंत.

मग आम्ही सात-आठ जण अर्ज घेऊन तालुक्याला, सौसरला गेलो. आईने त्या दिवशीचं काम बुडवलं. ऑफिसातल्या बाबूंनी अर्ज वरून खालपर्यंत पाहिला आणि चष्म्यावरून विचारलं, "किसको है आपत्ति?"

मागे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाजवळ पुढे झाले.

"मुझे है," मी म्हणाले.