माहूरच्या पत्रिका आणि माझ्या नायिका

प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "सुचतं कसं?" आणि दुसरा, आवाज खाली आणून, "हे सगळं अनुभवातलं का हो?" नांदेडच्या माझ्या शेजारणी तर दुसरा प्रश्न विचारताना आमच्या ह्यांच्याकडं बघतात. हे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, गेली बारा वर्षं अंगात एकच स्वेटर. उत्तर त्यांना तिथल्या तिथं मिळतं.

पण लिहिता लिहिता काही किस्से असे साठले, की आताशा मला पहिल्याच प्रश्नाची धास्ती वाटते. कार्यक्रमात मी "निरीक्षण" असं म्हणून सुटते. तुम्ही घरचे, म्हणून सांगते.

*

नावांपासून सुरुवात करू. आमच्याकडं लग्नाची पहिली पत्रिका कुलदेवीपुढं ठेवतात आणि कितीतरी घरांची देवी माहूरची. तिथं कौसाबाईंचं हळदीकुंकवाचं दुकान आहे. देवीपुढून उतरलेल्या पत्रिका त्या पोत्यात भरून ठेवतात. "देवीचा कागद हाय ताई, रद्दीत कसा घालू?" लग्नसराई सुरू झाली की मी जाऊन त्यातला एक गठ्ठा घेऊन येते. नायक एका पत्रिकेतला, नायिका दुसरीतली. म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको.

एके वर्षी उदगीरचा शिवलिंग घेतला आणि कंधारची मीनाक्षी. कादंबरीत दोघं दोनशे पानं भांडली आणि शेवटी जमलं. पुढच्या वर्षीच्या गठ्ठ्यात एक पत्रिका निघाली. चि. शिवलिंग, उदगीर. चि. सौ. कां. मीनाक्षी, कंधार. आडनावंसुद्धा तीच!

मी माहूरला फोन लावला. "कौसाबाई, ह्या दोघांची गेल्या साली दुसऱ्यांशी लग्नं ठरली होती ना?"

"हाव. दोनी मोडली. तुम्ही गठ्ठा नेला त्याच महिन्यात." मग त्या म्हणाल्या, "ताई, जरा बघून लिवत जा."

*

माझी खरी संपादक लातूरची रेहाना. नावाला ती टायपिंग करते. मी हातानं लिहिते आणि ती टाईप करता करता माझी लाज काढते. "ताई, 'अधर' काढून टाका. लातुरात कोणालाच अधर न्हाईत, सगळ्यांना ओठ हायेत." एकदा माझा नायक मंद स्मित करत गल्लीतून चालला होता. रेहाना म्हणाली, "असा हसणारा माणूस आमच्या गल्लीत आला, तर आम्ही पोरी घरात घेतो." स्मित गेलं. नायक आता हसतो.

तर सुलक्षणा नावाच्या माझ्या नायिकेची गोष्ट. ती लग्नाच्या चार दिवस आधी घर सोडते. पहिल्या भागाची प्रुफं आली आणि त्यात एक वाक्य जास्तीचं. "निघताना तिनं दारामागं खडूनं पाच पाकळ्यांचं फूल काढलं, पण पाचवी पाकळी अर्धीच राहिली."

मी रेहानाला फोनवर झापलं. शब्द बदल, पण पदरची वाक्यं घालू नकोस. तिनं माझ्याच हस्तलिखिताच्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर माझं. शाई माझी. 'पाकळी'तला 'ळ' मी काढते तसाच वाकडा. मला मात्र ते वाक्य लिहिल्याचं अजिबात आठवत नव्हतं.

"राहू द्या ताई," रेहाना म्हणाली. "पूर्ण बुकात तेवढंच चांगलं हाय." राहू दिलं.

*

रिसर्चचं म्हणाल तर मी आधी लिहिते आणि मग बघायला जाते. उलटं केलं की गावच लिहिलं जातं, प्रेम राहून जातं. एका नायकाला मी शिरूर अनंतपाळला शिलाईचं दुकान टाकून दिलं होतं. हिरवं दार, बाहेर शेवग्याचं झाड, आत एका पायानं लंगडणारं स्टूल. सगळं मनाचं. मग ह्यांना घेऊन बघायला गेले.

हिरवं दार होतं. शेवगा होता. आतल्या म्हाताऱ्या मास्तरांनी लंगडं स्टूल पुढं केलं आणि म्हणाले, "बसा. कालच्यासारखा आल्याचा चहा सांगू का?"

"काल?"

"काल न्हाई का आलात? लई वेळ बसलात. जाताना म्हणलात, दार असंच हिरवं ठेवा."

आदल्या दिवशी मी नांदेडला वाळवणावर बसले होते. हे साक्षीला आहेत. आणि चहा मला डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वीच बंद केलाय, त्याचा थेंबही हे मला घेऊ देत नाहीत. परतीच्या गाडीत ह्यांनी तोंड उघडलं. "तू चोरून चहा पितेस एवढंच मला कळलं."

*

सुलक्षणेचा पहिला भाग निघाला आणि दोन महिन्यांनी बिलोलीहून एका बाईंचा फोन आला. नंबर कौसाबाईंनी दिलेला. बाई माहूरला मुलीची पत्रिका परत घ्यायला गेल्या होत्या. लग्न झालंच नव्हतं. लग्नाच्या चार दिवस आधी मुलगी घरातून निघून गेली, त्याला तीन वर्षं झाली. पत्रिका कादंबऱ्या लिहिणाऱ्या ताईंनी नेली असं कळलं, म्हणून त्यांनी माझं पुस्तक मिळवून वाचलं.

सुलक्षणा हे नाव मी त्याच पत्रिकेतून उचललं होतं. लग्न झालं की नाही हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी माफी मागायला लागले, तर त्या म्हणाल्या, "माफी ऱ्हाऊ द्या. तुम्ही माझ्या सुलूला कुठं बघितलं?"

"नाही हो. हे सगळं मनाचं असतं."

"मग फूल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दारामागं हाय ते. अजून पुसलं न्हाई मी. पाचवी पाकळी अर्धीच हाय. माझ्याबिगर कोणालाच ठावं न्हाई." त्यांचा आवाज अगदी शांत होता. "दुसरा भाग लिवून राहिलात म्हणे. एवढंच सांगा, माझी पोरगी त्याच्यात मरत तर न्हाई?"

मरत होती. शेवटच्या प्रकरणात मी तिला विहिरीत ढकललं होतं. वाचकांना रडायला आवडतं म्हणून. ते प्रकरण आठ दिवसांपूर्वीच लातूरला गेलं होतं. "नाही, नाही मरत," मी म्हणाले. खोटं बोलताना माझी जीभ एवढी जड कधीच झाली नव्हती.

*

फोन ठेवला तो रेहानाला लावायलाच. "शेवटचं प्रकरण थांबव. मला ते बदलायचंय."

"परत?"

"परत म्हणजे?"

"काल दुपारीच तुम्ही आलात ना ताई. जुनं फाडलं, इथंच बसून नवीन लिवून दिलं. माझ्याशी एक शब्द बोलला न्हाईत, मला वाटलं काही चुकलं माझं. तेच टाईप करून राहिले."

आदला दिवसभर मी तापानं अंथरुणात होते. मी म्हटलं, "वाच." रेहानानं वाचलं. सुलक्षणा भर दुपारी एस.टी.तून बिलोलीला उतरते. घरात शिरते. आईशी बोलायच्या आधी दारामागं जाते, खडू मागते आणि पाचवी पाकळी पुरी करते.

"असंच ठेवू ना ताई?" रेहानानं विचारलं.

"कानामात्रा बदलू नकोस," मी म्हणाले.

*

त्यानंतरचा गुरुवार. सकाळपासून मी खिडकीजवळच्या खुर्चीतून हलले नव्हते. समोर हे पेपर वाचत बसलेले. तीनच्या सुमाराला बिलोलीचा फोन आला. आधी नुसतं रडणं ऐकू आलं. मग बाई म्हणाल्या, "आली ताई. सुलू आली. लातूरला शिलाईमशीन चालवत होती म्हणे. आल्या आल्या दारामागं गेली न् खडू मागितला."

माझे डोळे भरून आले होते. एवढा आनंद मला कुठल्याही पुस्तकानं दिला नव्हता.

"तुम्ही तिला घेऊन आलात, तुमचे उपकार कसे फेडू?" बाई म्हणाल्या. "पण असं तडकाफडकी का निघालात? पोरीला धरून मी रडत बसले न् वळून बघते तर तुम्ही न्हाई. चहा बी अर्धाच ठेवला."

मी फोन खाली ठेवला. ह्यांनी पेपर बाजूला केला, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि माझ्याकडं रोखून पाहिलं.

"आल्याचा वास येतोय," हे म्हणाले. "कुठं पिऊन आलीस?"